स्वस्तातला ऐरावत

वस्तू व सेवा कर परिषदेने सप्टेंबर २०२५ मध्ये करांच्या दरांची जी फेरमांडणी केली, तिची घरोघर चर्चा झाली ती साबण, लोणी आणि लहान मोटारी यांच्या निमित्ताने. ते साहजिकच होते. त्याच निर्णयांत एक ओळ अशी होती, की तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. वैयक्तिक वापरासाठी आणलेल्या विमानावर २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के कर बसेल, असे ती ओळ सांगत होती. भाड्याने चालविण्याच्या धंद्यासाठी जे विमान आणले जाते, त्यावरचा दर मात्र ५ टक्केच राहिला. एकाच कारखान्यातून निघालेली, एकाच बनावटीची दोन विमाने. एकावर ५ टक्के आणि दुसऱ्यावर ४०. कर बसतो तो विमानावर नव्हे, तर ते कशासाठी आणले आहे याविषयीच्या मालकाच्या प्रतिज्ञेवर. या दोन आकड्यांमध्ये जी ३५ टक्क्यांची दरी आहे, तिच्यात पुष्कळ गोष्टी दडू शकतात.

आमच्या वाचकांपैकी जेट विमान विकत घेण्याच्या विचारात असलेले गृहस्थ हाताच्या बोटांवर मोजता येतील, आणि त्यांना आमच्या सल्ल्याची गरज नाही. त्यांच्यापाशी सल्लागारांची वाण नाही. तरीही हा विषय आम्ही आज पहिल्या पानावर घेत आहोत. कारण अशी विमाने बहुधा कोणी स्वतःच्या खिशातून घेत नाही. ती कंपनीच्या नावावर घेतली जातात, कंपनीला बँक कर्ज देते, आणि कंपनीचे समभाग म्युच्युअल फंडांत, भविष्यनिर्वाह निधीत व निवृत्तिवेतनाच्या ठेवींत विखुरलेले असतात. दरमहा दोन-पाच हजार रुपये फंडात टाकणारा शिक्षक किंवा बँकेतला कारकून हा त्या विमानाचा अंशतः मालक असतो. त्याला त्यात बसावयास मिळत नाही, हे ठीकच आहे. परंतु ते घेताना कोणता हिशेब केला, हे विचारण्याचा त्याचा अधिकार कोणी काढून घेतलेला नाही.

प्रथम ही वस्तू काय आहे ते पाहू. व्यवसायासाठी वापरल्या जाणाऱ्या जेट विमानांत 'सुपर मिडसाइज' म्हणून एक वर्ग धरला जातो. लहान जेटमध्ये माणसाला वाकून चालावे लागते. यात सहा फूट उंचीचा गृहस्थ ताठ उभा राहू शकतो. आठ ते दहा माणसे आरामात बसतात. कॅनडातील बॉम्बार्डियर कंपनीचे 'चॅलेंजर ३००' हे या वर्गातले सर्वांत परिचित विमान. ते २००४ साली सेवेत आले. २०१४ मध्ये त्याची सुधारलेली आवृत्ती 'चॅलेंजर ३५०' निघाली, आणि २०२२ पासून 'चॅलेंजर ३५००'. गल्फस्ट्रीमचे 'जी २००' व 'जी २८०', सेस्नाचे 'सायटेशन एक्स' व 'लाँगिट्यूड', ब्राझीलच्या एम्ब्रेअरचे 'प्रेटर ६००' ही त्याच पंक्तीतली. 'चॅलेंजर ३५०' एका दमात सुमारे ५,९०० किलोमीटर जाते. म्हणजे मुंबईहून दुबई किंवा सिंगापूर सहज. लंडनला मात्र वाटेत उतरून इंधन घ्यावे लागणार. पुष्कळ मालकांना ही शेवटची गोष्ट विमान घेतल्यावर कळते, असे या धंद्यातली मंडळी हसत हसत सांगतात.

नव्या 'चॅलेंजर ३५००'ची किंमत कोणत्या घरात जाते, याचा अंदाज एका सरकारी निर्णयावरून येतो. मध्य प्रदेशच्या मंत्रिमंडळाने २०२४ साली राज्याच्या वापरासाठी हे विमान सुमारे २३३ कोटी रुपयांना घेण्यास मान्यता दिली. त्याच घराण्यातले पंधरा-वीस वर्षे उडालेले 'चॅलेंजर ३००' याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शात मिळू शकते. आसने कातड्याची, लाकूड चकचकीत, रंग ताजा. संचालक मंडळापुढे जेव्हा हा प्रस्ताव येतो, तेव्हा तो काटकसरीच्या वेषात येतो. दीडशे कोटी वाचले, असे सांगितले जाते, आणि वाचलेल्या पैशाला विरोध करण्याचे धैर्य कोणत्याही सभेत फार थोड्यांना असते.

परंतु चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला, ही आपली म्हण विमानाला जितकी लागू पडते, तितकी क्वचितच दुसऱ्या कशाला लागू पडत असेल. विमानाची विक्रीची किंमत दरवर्षी उतरते. त्याच्या देखभालीचा खर्च मात्र उतरत नाही. वीस वर्षांपूर्वीच्या यंत्राला जो सुटा भाग लागतो, तो आजच्या भावाने घ्यावा लागतो. दोन वैमानिकांचा पगार, त्यांचे प्रशिक्षण, विमा, विमानतळाचे भाडे आणि तासाला हजार लिटरच्या घरात जाणारे इंधन, यांपैकी कोणीही विमान जुने आहे म्हणून सवलत देत नाही. उलट वय वाढले की तपासण्या खोल होत जातात. 'चॅलेंजर ३००'च्या बाबतीत दर आठ वर्षांनी एक मोठी तपासणी येते. तिच्यात विमान आतून-बाहेरून उघडले जाते, आणि उघडल्यावर काय सापडेल हे आधी कोणी सांगू शकत नाही. जुने विमान विकणारा पुष्कळदा याच तपासणीच्या तोंडाशी विकतो. त्याने स्वस्त दिले, असे घेणाऱ्याला वाटते. प्रत्यक्षात त्याने आपले बिल पुढच्याच्या नावावर फिरवलेले असते. कोट्यवधींच्या या विमानांचे उत्पन्न कोणाला, आणि पोसण्याचा भार कोणावर, हा खरा प्रश्न. इंद्राचा ऐरावत स्वर्गात असतो म्हणून त्याच्या चाऱ्याचा हिशेब पुराणांत आलेला नाही.

इंजिनांचेही असेच. या विमानाला हनीवेल कंपनीची दोन इंजिने असतात, आणि अशा एका इंजिनाच्या मोठ्या दुरुस्तीचा खर्च लाखो डॉलरमध्ये होतो. हा धक्का एकदम बसू नये म्हणून एक व्यवस्था रूढ आहे: उडालेल्या प्रत्येक तासामागे ठराविक रक्कम इंजिनाच्या कारखानदाराकडे किंवा तशाच दुसऱ्या संस्थेकडे भरत जावयाची, आणि दुरुस्ती निघाली की ती त्या निधीतून व्हावयाची. पहिल्या मालकाने हे हप्ते नेमाने भरले असतील, तर ते विमान महाग मिळते, आणि ते महागच घ्यावे. भरले नसतील तर ते स्वस्त मिळते. मग मागील तासांची भरपाई करून योजनेत शिरा, नाही तर देवावर भरवसा ठेवा, एवढेच दोन मार्ग उरतात. एकाच वर्षाच्या, सारख्याच तास उडालेल्या दोन विमानांच्या किमतींत जो मोठा फरक दिसतो, त्याचे रहस्य बहुधा येथे असते. संचालकांपुढे ठेवलेल्या टिपणात विमानाच्या आतल्या सजावटीची छायाचित्रे असतात. इंजिनाच्या या खात्याचा उतारा जोडलेला असतो काय?

आता कागदपत्रांकडे वळू; कारण जुने विमान घेणे म्हणजे निम्मेअधिक कागद घेणे होय. आपल्याकडे ज्याने जमीन किंवा जुने घर विकत घेतले आहे, त्याला हे समजावून सांगावे लागणार नाही. सातबाऱ्याचा उतारा, फेरफाराच्या नोंदी, वकिलाने काढलेला तीस वर्षांचा शोध, एवढे झाल्यावाचून शहाणा माणूस बयाणा देत नाही. विमानाचा सातबारा म्हणजे त्याची लॉगबुके. ते कारखान्यातून निघाल्यापासून किती तास उडाले, कितीदा उतरले, कोणत्या दिवशी कोणता भाग काढला, कोणता बसवला आणि त्याखाली सही कोणाची, हे सारे त्यांत असते. इंजिनातील फिरत्या चकत्यांसारख्या काही भागांना आयुष्याची मर्यादा ठरवून दिलेली असते, आणि ती त्यांच्या जन्मापासून मोजावी लागते. मधल्या एखाद्या वर्षाचा कागद गहाळ झाला, तर तो भाग डोळ्यांना कितीही धडधाकट दिसो, त्याला वापरात ठेवता येत नाही. त्याला भंगाराची वाट दाखवावी लागते. कागदाच्या अभावी लोखंड मरते, असा हा व्यवहार आहे.

मालकीचा शोधही असाच. अमेरिकेत नोंदलेल्या साऱ्या विमानांचे दप्तर ओक्लाहोमा सिटी या एका गावी आहे. विमानावर कोणाचे कर्ज आहे, कोणत्या दुरुस्तीच्या कारखान्याचे पैसे थकले आहेत, हे तेथे पाहावे लागते. शिवाय २००१ सालच्या केपटाउन कराराखाली एक आंतरराष्ट्रीय नोंदवहीही चालते. भारताने त्या कराराला २००८ मध्ये मान्यता दिली, परंतु त्याला देशी कायद्याचे बळ मिळावयास २०२५ साल उजाडावे लागले. सतरा वर्षे का लागली, याचे उत्तर आमच्यापाशी नाही. दिल्लीत ते कोणापाशी असेल असेही वाटत नाही. धनकोने हप्ता चुकवणाऱ्याच्या ताब्यातून विमान कसे सोडवून न्यावे, याची तजवीज आता या कायद्याने झाली आहे, आणि त्यामुळे पुढे कर्ज स्वस्त व्हावे अशी अपेक्षा आहे.

व्यवहाराची रीत सांगावयाची तर अशी. बयाण्याची रक्कम तिऱ्हाइताच्या हाती ठेवली जाते. विमान एखाद्या तटस्थ कारखान्यात नेऊन तपासले जाते. आजवर त्याची देखभाल ज्याने केली, त्याच्याच कारखान्यात ते तपासून घेणे म्हणजे विद्यार्थ्याने स्वतःचीच उत्तरपत्रिका तपासण्यासारखे आहे. इंजिनाच्या पोटात बारीक दुर्बीण घालून पाती पाहिली जातात. समुद्रकाठी राहिलेले विमान असेल तर गंज कोठवर गेला आहे हे पाहिले जाते. यास काही आठवडे लागतात, आणि तेथेच घेणाऱ्याचा संयम सुटतो. करोनाच्या साथीनंतर, २०२१ व २०२२ या वर्षांत, जगभर जुन्या विमानांचा इतका तुटवडा पडला, की कित्येकांनी ही तपासणी उरकती घेतली किंवा मुळीच केली नाही. त्या घाईत हातोहात गेलेली विमाने आज ना उद्या पुन्हा विक्रीला येणार आहेत, हे येथील खरेदीदारांनी ध्यानात धरावे. अमेरिकेचा आयकर कायदाही या बाजाराला अधूनमधून ताप चढवतो. धंद्यासाठी घेतलेल्या जुन्या विमानाचीसुद्धा संपूर्ण किंमत पहिल्याच वर्षी उत्पन्नातून वजा करून घेण्याची मुभा त्या देशाने जुलै २०२५ च्या कायद्याने पुन्हा कायम केली. त्यामुळे डिसेंबर जवळ आला की तिकडचे गिऱ्हाईक घाईला येते आणि दलाल इकडच्या गिऱ्हाइकालाही तीच घाई लावतो. वास्तविक अमेरिकेच्या करवर्षाशी पुण्याच्या कारखानदाराचा संबंध काय?

जे विमान घ्यावयाचे त्याचा कारखानदार उद्या जिवंत राहील काय, हा प्रश्न मोटार घेताना कोणाच्या मनात येत नाही. विमान घेताना तो यावयास हवा. 'हॉकर ४०००' या विमानाची कथा या दृष्टीने मुळातून वाचण्यासारखी आहे. १९९६ साली मोठ्या गाजावाजाने त्याची घोषणा झाली. २००१ च्या ऑगस्टमध्ये ते प्रथम उडाले. धातूऐवजी कार्बनच्या धाग्यांचे धड ही त्याची अपूर्वाई होती, आणि यंत्र म्हणून ते खरोखरच नामी होते, असे जाणकार आजही म्हणतात. परंतु प्रमाणपत्रे मिळून पहिले विमान गिऱ्हाइकाच्या हाती पडावयास २००८ साल उजाडले, आणि तेच वर्ष जगाच्या अर्थव्यवस्थेला ग्रहण लावणारे ठरले. मे २०१२ मध्ये हॉकर बीचक्राफ्ट कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. कंपनी पुढे २०१३ मध्ये सावरली ती जेट विमानांचा धंदा सोडून. त्या कारवाईत या विमानांच्या मालकांना दिलेली हमीपत्रे आणि देखभालीचे करार टाकून देण्यात आले. दोन-सव्वादोन कोटी डॉलर मोजलेल्या मालकांच्या हाती जे उरले, ते पंचाहत्तरच्या आसपास विमानांचे एक अनाथ कुटुंब होते. २०१४ मध्ये टेक्स्ट्रॉन समूहाने त्या कंपनीला आपल्यात घेतले, म्हणून सुटे भाग मिळण्याची सोय तरी राहिली. पण किंमत जी कोसळली ती कोसळलीच.

आज बाजारात हे विमान पाहणाऱ्याला ते कमालीचे स्वस्त वाटते. वेग आहे, पल्ला आहे, ऐसपैस जागा आहे. मग न घेण्याचे कारण काय? कारण हेच, की जगात ज्या यंत्राच्या शंभरही प्रती नाहीत, त्याचे जाणते कारागीर आणि त्याच्या वैमानिकांना शिक्षण देणाऱ्या सोयी हळूहळू कमीच होत जाणार. गल्फस्ट्रीमच्या 'जी २००'चे नशीब याहून बरे. ते मूळचे इस्रायलचे अपत्य. २००१ मध्ये गल्फस्ट्रीमने ते दत्तक घेतले, आणि २०११ पर्यंत त्याची एकंदर सुमारे अडीचशे विमाने बनली. त्याचे उत्पादन थांबले, पण घराण्याचे नाव आणि आधार कायम राहिला.

ज्यांना हे परदेशचे दाखले दूरचे वाटत असतील, त्यांनी आपल्याच शहरात घडलेली गोष्ट आठवावी. किंगफिशर एअरलाइन्सच्या सेवाकराच्या थकबाकीपोटी जप्त झालेले, तिच्या मालकाच्या दिमतीचे एअरबस विमान मुंबईच्या विमानतळावर वर्षानुवर्षे उभे होते. ते या वर्गाहून पुष्कळ मोठे. पण धडा तोच. २०१६ साली सरकारने त्याचा लिलाव पुकारला, तेव्हा राखीव किंमत १५२ कोटी रुपये धरली होती. बोली आली ती १ कोटी ९ लाखांची. पुढे लिलावामागून लिलाव झाले आणि अखेर २०१८ मध्ये एका अमेरिकन कंपनीने ते ३४ कोटी ८० लाखांना नेले. उभे विमान म्हणजे उभे पीक नव्हे. ते न उडता पावसात आणि खाऱ्या वाऱ्यात उभे राहिले की प्रत्येक दिवशी त्याची किंमत झिजते आणि विमानतळाचे भाडे मात्र वाढत जाते.

विमान येथे आणल्यावर पुढे काय, हाही विचार झाला पाहिजे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने आयात करावयाच्या जुन्या विमानांना वयाची मर्यादा घातलेली आहे. दलालाच्या यादीतले सर्वांत स्वस्त विमान त्या मर्यादेपलीकडले निघण्याचा संभव असतो. २०१६ च्या नागरी विमान वाहतूक धोरणात 'गगन' या आपल्या उपग्रहीय मार्गदर्शन प्रणालीची सामग्री भारतात नोंदल्या जाणाऱ्या विमानांत असावी, अशी अट घालण्यात आली. जुन्या विमानात ती बसवणे हा स्वतंत्र खर्च. आणि ठेवावयाचे कोठे? मुंबईचा विमानतळ प्रवासी वाहतुकीनेच गुदमरलेला आहे. २०२४ च्या आरंभी तेथे खासगी विमानांना मनाई असलेले तास दिवसाकाठी चारांवरून आठांवर नेण्यात आले. जुहूची धावपट्टी या विमानांना पुरत नाही. नवी मुंबईचा विमानतळ डिसेंबर २०२५ मध्ये वाहतुकीला खुला झाला खरा, परंतु त्यावरचा पहिला हक्क सामान्य प्रवाशांचा आहे आणि तसाच तो राहावा. तात्पर्य, मालकाला मुंबईत उतरवून विमान रात्रीच्या मुक्कामाला रिकामे दुसऱ्या शहरी जाते आणि सकाळी रिकामेच परत येते. वेळ वाचवण्यासाठी घेतलेल्या यंत्राची ही वणवण हिशेबात कोणी धरीत नाही. शिवाय ज्या गृहस्थांचा बहुतेक प्रवास मुंबई-दिल्ली आणि मुंबई-नागपूर एवढाच आहे, त्यांना सिंगापूर गाठणारे विमान कशाला हवे, हे विचारणेही सभ्यतेला धरून होत नाही, असे दिसते.

आता त्या ३५ टक्क्यांच्या दरीविषयी. भाड्याच्या धंद्याचा परवाना काढून विमान आणावे, कराची सवलत घ्यावी आणि मग ते मुख्यतः आपल्याच समूहातील कंपन्यांना भाड्याने द्यावे, ही चाल नवी नाही. सीमाशुल्क खाते आणि विमानांचे मालक यांच्यात यावरून वर्षानुवर्षे खटले चालले आहेत. त्यांतला कायद्याचा कीस काढण्याचा आमचा विचार नाही. पुष्कळ प्रसंगी मालकाची बाजू कायद्याने बरोबरही असेल. आमचा मुद्दा भागधारकापुरता आहे. प्रवर्तकाच्या कुटुंबाची खासगी कंपनी विमान विकत घेते. भागधारकांची सार्वजनिक कंपनी ते तासाच्या दराने भाड्याने घेते. दर ठरवणाऱ्या टेबलाच्या दोन्ही बाजूंना एकच गृहस्थ बसलेले असतात. अशा व्यवहारांसाठी २०१३ च्या कंपनी कायद्यात कलम १८८ आहे, लेखापरीक्षण समितीची मान्यता आहे, वार्षिक अहवालात तक्ता आहे. पण त्या तक्त्यात जी ओळ छापली जाते, तिच्यावरून विमान किती तास उडाले, किती वेळा रिकामे उडाले आणि त्यात कोण बसले होते, याचा पत्ता लागत नाही. कंपनीच्या कामासाठी केलेला प्रवास आणि कुटुंबातल्या लग्नासाठी केलेला प्रवास हे दोन्ही 'प्रवास खर्च' या एकाच पांघरुणाखाली झोपतात.

आणि आम्हांला सर्वांत अधिक चिंता वाटते ती पैशाची नव्हे. ज्याने ओढाताण करून जुने विमान घेतले, तो पुढे काटकसर कोठे करतो? इंधनात करता येत नाही, भाड्यात करता येत नाही. ती होते वैमानिकांच्या शिक्षणात, सुट्या भागांत, पुढे ढकललेल्या दुरुस्तीत आणि विम्यात. ३ मार्च २०२३ रोजी अमेरिकेत एक 'चॅलेंजर ३००' आकाशात एकाएकी असे उसळले, की आतील एका प्रवासी स्त्रीचा त्या धक्क्याने मृत्यू झाला. चौकशीत जे बाहेर आले, ते यंत्राच्या भव्यतेला न शोभणारे होते. वेग मोजणाऱ्या नळीवरचे आच्छादन न काढताच विमान धावपट्टीवर आणले गेले होते, म्हणून पहिले उड्डाण सोडून द्यावे लागले; दुसऱ्या खेपेला सूचनादर्शकावर इशारे दिसत असताना ते उडाले; आणि वर गेल्यावर एका इशाऱ्यासाठी सूचिकेबरहुकूम कळ बंद करताच विमानाने उसळी घेतली. विमान नवे होते की जुने, हा येथे मुद्दा नाही. धावपट्टीवरून मागे फिरणे, उड्डाण रद्द करणे, मालकाला 'आज नाही' असे सांगणे, हे ज्या वैमानिकाला निर्भयपणे करता येते, तोच विमान सुरक्षित ठेवतो. ज्याचा पगार आणि नोकरी एकाच माणसाच्या मर्जीवर आहे, आणि तो माणूस मागच्या आसनावर घड्याळाकडे पाहत बसला आहे, त्या वैमानिकाची अवस्था प्रवासी कंपनीतल्या वैमानिकाहून फार निराळी असते. अशा वैमानिकांत मराठी मध्यमवर्गीय घरांतील मुले-मुलीही आहेत; त्यांच्या शिक्षणासाठी आईबापांनी कर्जे काढलेली आहेत.

सरकारे तरी याबाबत आदर्श आहेत, असे कोणी म्हणू नये. मध्य प्रदेश शासनाचे एक विमान ६ मे २०२१ रोजी करोनावरील औषधे घेऊन ग्वाल्हेरला उतरताना धावपट्टीवर अडथळ्याला आदळून निकामी झाले. त्याचा विमा उतरवलेला नव्हता, हे पुढे उघड झाले. आणि ८५ कोटी रुपयांच्या भरपाईची मागणी कोणावर झाली, तर वैमानिकावर. विम्याचा हप्ता भरणे हे वैमानिकाचे काम होते, असे कोणत्या नियमात लिहिले आहे? वर ज्या २३३ कोटींच्या मान्यतेचा उल्लेख केला, ती याच राज्याची, तीन वर्षांनंतरची.

जुने विमान घेऊच नये, असे आमचे म्हणणे नाही. ज्या उद्योगाचे कारखाने चार राज्यांत पसरले आहेत, ज्याच्या अधिकाऱ्यांना एका दिवसात तीन आडवळणी गावे गाठावयाची आहेत, त्याला हे साधन उपयोगी पडते, आणि नव्यापेक्षा चांगले राखलेले जुने घेणे हा पुष्कळदा शहाणपणाचा सौदा असतो. आम्ही मागतो ते एवढेच, की संचालक मंडळापुढे केवळ खरेदीची किंमत न ठेवता पुढील पाच वर्षांचा संपूर्ण खर्च ठेवावा: येणारी मोठी तपासणी, इंजिनांच्या निधीची थकबाकी, वैमानिकांचे प्रशिक्षण, मुक्कामाची जागा आणि विकावयाची वेळ आली तर येणारी किंमत. तटस्थ कारखान्याचा तपासणी अहवाल स्वतंत्र संचालकांनी स्वतः वाचावा. विमान प्रवर्तकाच्या खासगी कंपनीचे असेल, तर तासाचा दर बाजारभावाशी ताडून पाहण्याचे काम बाहेरच्या तज्ज्ञाकडे द्यावे.

हे नियमांत बसविणे सेबीला अवघड नाही. ज्या नोंदणीकृत कंपनीच्या मालकीचे किंवा नित्य भाड्याचे विमान आहे, तिने वार्षिक अहवालात एक तक्ता छापावा: वर्षभरात किती तास उड्डाण झाले, त्यांपैकी किती रिकामे, किती कंपनीच्या कामासाठी आणि किती प्रवर्तक व त्यांच्या आप्तांसाठी, आणि या शेवटच्या तासांचे पैसे कोणी भरले. अर्ध्या पानाचा मजकूर आहे. तोवर वार्षिक सभांच्या हंगामात, जुलै ते सप्टेंबर या महिन्यांत, दहा समभाग असलेल्या भागधारकालाही उभे राहून हे चार आकडे विचारता येतात; सभा आता पुष्कळदा दूरदृश्य पद्धतीने होतात, त्यामुळे सांगली-सोलापुरात बसूनही ते विचारता येतील.